लढाऊ विमानतळावरील तरुणाची दिनचर्या : लिंकनशायरच्या कागदपत्रांचें वाचन (इ. स. १९४२–१९४५)

इतिहासाच्या साधनांत रोजकीर्दीचें जें स्थान आहे तें बखरीला नाहीं, हें आतां नव्यानें सांगण्याची जरूर राहिलेली नाहीं. बखर घडलेल्या गोष्टीचा अर्थ सांगते. रोजकीर्द त्या दिवशीं काय जमा झालें व काय खर्चीं पडलें एवढेंच सांगते, आणि म्हणूनच तिच्यावर अधिक भिस्त ठेवतां येते. परंतु रोजकीर्दींतही एक मोठी उणीव असते. घोड्याच्या चंदीचा हिशेब तींत सांपडतो. मुक्काम पडला असतां स्वार दिवसभर काय करीत बसला होता तें सांपडत नाहीं. आपल्याकडील अठराव्या शतकाच्या कागदांत ही उणीव भरून निघणें कठीण, कारण सामान्य स्वाराच्या स्वतःच्या हातचे कागद फारच थोडे उरले आहेत. म्हणून ज्या एखाद्या सैन्याच्या बाबतींत सरकारी नोंद, शिपायाची स्वतःची वही आणि त्याचीं घरीं गेलेलीं पत्रें अशा तिन्ही गोष्टी एकत्र लावून पाहतां येतात, त्याच्या कागदांचें वाचन जुन्या दप्तरांच्या अभ्यासकासही बोधक होईल. असें सैन्य म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतील ब्रिटिश वायुदलाचें बाँबर कमांड, आणि त्याचें मुख्य ठाणें म्हणजे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लिंकनशायर परगणा.

हे कागद फारसे जुने नाहींत या सबबीवर त्यांकडे पाठ फिरवणें बरोबर नाहीं. ज्यांनीं ते लिहिले त्यांपैकीं आज कोणी हयात असलाच तर तो शंभरीच्या आसपास आहे. कागद मात्र वारसांच्या कपाटांतून लिलावाच्या बाजारांत येत आहेत, आणि आपल्याकडे रुमाल फुटून सुटे कागद जसे हातोहात गेले तसेच तेही फुटत आहेत. पदकें एकाकडे, उड्डाणवही दुसऱ्याकडे, पत्रें रद्दींत, असा प्रकार घडतो. एखाद्या प्रसिद्ध हल्ल्याचा उल्लेख ज्या वहींत असेल तिला भाव येतो. जिचा धनी पांचव्याच कामगिरीवर नाहींसा झाला तिच्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. इतिहासाच्या दृष्टीनें हा भाव उलटा आहे असें आमचें मत आहे. बाँबर कमांडमध्यें युद्धकाळांत उड्डाण करणारे सुमारें १,२५,००० लोक होते. त्यांपैकीं ५५,५७३ मरण पावले. ज्यांनीं पुढें आठवणी लिहिल्या ते अर्थातच उरलेल्यांपैकीं होते. तेव्हां तळावरील जीवनाचें जें चित्र छापील पुस्तकांतून मिळतें तें वांचलेल्यांचें चित्र आहे. दुसऱ्या पक्षाची साक्ष फक्त त्या अपुऱ्या वह्यांतच आहे.

प्रथम स्थळाची कल्पना घेतली पाहिजे, नाहींतर कागदांतील अर्ध्या गोष्टी उमगत नाहींत. लिंकनशायर हा सपाट, शेतीचा, समुद्रालगतचा व जर्मनीकडे तोंड केलेला मुलूख. युद्ध संपतेवेळीं या एका परगण्यांत पन्नासाच्या जवळपास विमानतळ झालेले होते. स्कॅम्पटन व वॅडिंग्टन हे युद्धापूर्वींचे, विटांच्या पक्क्या इमारतींचे. फिस्कर्टन, विकेनबी, ईस्ट कर्कबी, लडफर्ड मॅग्ना वगैरे युद्ध चालू असतां घाईनें उठवलेले. या नव्या तळांचा नमुना ठरून गेला होता. एकमेकींस छेदणाऱ्या काँक्रीटच्या तीन धावपट्ट्या, त्यांतील मुख्य २,००० यार्ड लांबीची व बाकीच्या दोन १,४०० यार्डांच्या. त्यांच्याभोंवतीं फिरणारा एक रस्ता. आणि त्या रस्त्याच्या कडेनें दूरदूर विखुरलेले काँक्रीटचे ओटे. एकेका ओट्यावर एकेक विमान उभें राही, हेतु हा कीं शत्रूच्या एका बाँबनें अनेक विमानें जाऊं नयेत. माणसांच्या बाबतींतही हेंच धोरण होतें. निजण्याच्या झोपड्या, भोजनगृह, स्नानगृह व कचेऱ्या हीं सर्व शेतांतून व झाडींतून पसरलेलीं असत. बिछान्यापासून न्याहारीपर्यंत मैलभर चाल पडे. म्हणून पत्रांत सायकलीचा उल्लेख वारंवार येतो. ती चोरीस गेली, तिचा दिवा फुटला, ती खड्ड्यांत गेली, अशा तक्रारी क्षुल्लक वाटतात. पण त्या तळाचा नकाशा पुढें ठेवून वाचाव्या.

झोपडी म्हणजे पन्हळी पत्रा अर्धगोल वांकवून जमिनीवर पालथा घातलेला. तिला निस्सेन झोपडी म्हणत. मधोमध एक लोखंडी शेगडी, व तिच्यासाठीं कोकचा शिधा. तो नेहमींच तुटपुंजा असे, आणि मग कुंपणांतील कोकच्या ढिगावर रात्रीं डल्ला पडे. हिंवाळ्यांत भिंतींवरून पाणी ओघळे, अंथरूण दमट राही, आणि नव्यानें खणलेल्या जमिनीचा चिखल पायांबरोबर आंत येई. लडफर्ड मॅग्नास तेथील लोक 'मडफर्ड मॅग्ना' म्हणत, कारण इंग्रजींत मड म्हणजे चिखल. आठवणींतून व पत्रांतून कोकची चोरी आणि चिखल इतक्या वेळां येतात कीं तीच तळावरची खरी ऋतुवर्णनें म्हणावीं. सरकारी कागदांत दोहोंचा मागमूस नाहीं.

या तळावर सुमारें दोन हजार व कधीं त्याहून अधिक माणसें राहत. त्यांपैकीं उड्डाण करणारे कांहीं शें. बाकीचे विमानें दुरुस्त करणारे, बाँब चढवणारे, स्वयंपाकी, कारकून, हवामान पाहणारे. आणि १९३९ मध्यें स्थापन झालेल्या स्त्रियांच्या सहाय्यक दलांतील मुली, ज्या ट्रॅक्टर हाकीत, पॅराशूटच्या घड्या घालीत, व मनोऱ्यांतून बिनतारी यंत्रावर परतणाऱ्या विमानांशीं बोलत. येथील मुख्य विमान लँकेस्टर. त्याची पहिली कामगिरी ३ मार्च १९४२ रोजीं वॅडिंग्टनहून झाली. त्यांत सात माणसें असत : पायलट, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बिनतारी चालवणारा, बाँब टाकणारा, पाठीवरचा गनर व शेंपटाचा गनर. या टोळीची जुळणी ऐकण्यासारखी आहे. प्रशिक्षणतळावर पायलट, नॅव्हिगेटर वगैरे सारख्या संख्येनें एका मोठ्या दालनांत सोडून देत, व आपापसांत जुळवून घ्या म्हणून सांगत. ज्या सैन्यांत बुटाच्या नाडीचाही नियम, तेथें जीवमरणाची सोबत तोंडओळखीवर सोडलेली होती. आणि ही पद्धत उत्तम चालली याबद्दल वांचलेल्यांत मतभेद दिसत नाहीं. उड्डाण करणारे सर्वच स्वेच्छेनें आलेले होते. सरासरी वय बावीस. म्हणजे ज्या वयांत आपल्याकडील मुलगा महाविद्यालयांतून नुकताच बाहेर पडतो.

आतां कागद. वायुदलाच्या छापील नमुन्यांस क्रमांक असत, व लोक ते नमुने क्रमांकानेंच ओळखत. पायलटची उड्डाणवही तो फॉर्म ४१४. इतर उड्डाण करणाऱ्यांची तो फॉर्म १७६७. पथकाची सरकारी नोंद दोन भागांत : फॉर्म ५४० वर महिन्याचा दिवसवार गोषवारा, आणि फॉर्म ५४१ वर प्रत्येक विमानाची नोंद, म्हणजे विमानाचा क्रमांक, टोळीचीं नांवें, चढण्याची वेळ, उतरण्याची वेळ व कामगिरीचा तपशील. प्रत्येक विमानाची देखभालीची वही तो फॉर्म ७००. तींत यंत्रकारागिरांनीं सह्या केल्यावर शेवटीं पायलटनें विमान ताब्यांत घेतल्याची सही करावयाची, मगच इंजिनें सुरू.

उड्डाणवहीचें बाह्य रूप संग्राहकांस परिचित असेल. कापडी बांधणी, आडवीं पानें, आणि तारीख, वेळ, विमानाची जात व क्रमांक, पायलटचें नांव, स्वतःचें काम, शेरा व उड्डाणाचे तास असे रकाने. दिवसाचे तास व रात्रीचे तास वेगळे. महिना संपला कीं बेरीज करून वरिष्ठांची सही घ्यावयाची. शाईचा रंग हाही मजकुराचाच भाग आहे. साधीं दिवसाचीं उड्डाणें निळ्या-काळ्या शाईनें, रात्रीचीं लाल. १९४४ च्या उन्हाळ्यापासून दिवसाही हल्ले होऊं लागले, तेव्हां ते बहुधा हिरव्या शाईनें लिहीत. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रावरून नक्कल करणारा येथें अर्धा अर्थ गमावतो. नक्कल करतांना शाईचा रंग टिपावा, ही सूचना आपल्याकडील हळद-कुंकू लावलेल्या कागदांपुरतीच नाहीं.

या सर्वांवरून एक दिवस जुळवतां येतो. सकाळीं हाय वायकोंब येथील मुख्य ठाण्यावर त्या रात्रीचें लक्ष्य ठरे, आणि हुकूम टेलिप्रिंटरनें खालच्या ठाण्यांतून तळावर येई. त्या घटकेपासून बाहेरचे टेलिफोन बंद, फाटक बंद. कोठें जावयाचें तें उड्डाण करणाऱ्यांस अद्याप ठाऊक नसे. परंतु टाक्यांत पेट्रोल भरणाऱ्यास किती गॅलन भरावयाचें हें सांगावेंच लागे. लँकेस्टरच्या टाक्या २,१५४ गॅलनांच्या. त्या काठोकाठ भरल्या कीं लांबचा पल्ला, कदाचित् बर्लिन. कमी भरल्या कीं जवळचें ऱ्हूर खोरें. अशा रीतीनें सर्वांत गुप्त गोष्ट सर्वांत आधीं टाक्यांजवळच्या साध्या शिपायास कळे, व त्याच्या चेहऱ्यावरून पुढें पसरे. दुपारपूर्वीं टोळी आपलें विमान अर्धा तास उडवून पाही. वहींत ही नोंद तीन इंग्रजी अक्षरांत येते, एन. एफ. टी., म्हणजे रात्रीच्या उड्डाणाची चाचणी. ही ओळ दिसली कीं त्या रात्रीची तयारी होती असें बहुधा समजावें. इकडे दूरच्या कोठारांतून ट्रॅक्टरमागें गाड्यांच्या माळा लागत. ४,००० पौंडांचा एक मोठा बाँब व त्याच्याभोंवतीं आग लावणाऱ्या लहान बाँबांच्या पेट्या, हा नेहमींचा भार.

दुपारीं किंवा संध्याकाळीं सर्व टोळ्या एका दालनांत जमत. भिंतीवरील नकाशावर पडदा असे. तो बाजूस सारला कीं लाल फितीनें मार्ग दिसे. त्यानंतर भोजन. त्या काळीं इंग्लंडांत सामान्य नागरिकास आठवड्यास एखादेंच ताजें अंडें मिळे, तेंही मिळेल तेव्हां. कामगिरीवर जाणाऱ्यास मात्र जातांना व परत आल्यावर अंडीं मिळत. पत्रांतून अंड्यांचा उल्लेख हौसेनें येतो, पण घरचा सावध वाचक त्यावरून काय तें ओळखूं शके. मग खिसे रिकामे करावयाचे. बसचें तिकीट, घरचें पत्र, सिनेमाचा अर्धा कागद, कांहींही बरोबर न्यावयाचें नाहीं, कारण पकडले गेल्यास शत्रूस तळाचा ठिकाणा लागेल. त्याऐवजीं रेशमावर छापलेले नकाशे, परकीय नाणीं, चॉकलेट, कॉफीचा थर्मास, व हवी असल्यास झोंप उडवणारी गोळी. लॉरीनें ओट्यावर गेल्यावर सुमारें तासभर कांहींही करावयाचें नसे. हा तास सर्वांत वाईट, असें जवळजवळ सर्वच सांगतात. कोणी गवतावर पडे, कोणी सिगारेटी ओढी. शेंपटाच्या चाकावर लघवी करण्याचा विधि बहुतेक टोळ्यांत होता, आणि तो चुकला तर पायलट बेचैन होई. पाश्चात्य मनुष्य शकुन मानीत नाहीं असा ज्यांचा समज असेल त्यांनीं हे कागद वाचावेत. चिंध्यांचीं अस्वलें, प्रेयसीचे पायमोजे, कधींही न धुतलेला गळपट्टा. यांवांचून चढण्यास नकार देणारीं माणसें त्रिकोणमिति व बिनतारी विद्येंत उत्तीर्ण झालेलीं होतीं.

हिरवा दिवा दिसला कीं एकामागून एक विमानें निघत. धावपट्टीच्या टोकाशीं कारागीर, कारकून, स्त्री-दलांतील मुली उभ्या राहून हात हलवीत. पुढचे सहा ते आठ तास आकाशांतले. ते या लेखाचा विषय नव्हेत. पहाटे परत येतांना लिंकन शहराच्या टेकडीवरील कॅथेड्रलचे मनोरे धुक्यावर निघालेले दिसले कीं घर आलें. उतरल्यावर चहा, त्यांत थोडी रम, आणि टेबलाभोंवतीं बसून गुप्तवार्ता-अधिकाऱ्याचे प्रश्न. फॉर्म ५४१ मधील तपशील याच टेबलावरचा. अठरा-वीस तास जागलेल्या माणसांनीं दिलेला, व लिहून घेणाऱ्यानें आटोपशीर केलेला. त्याची किंमत तितकीच धरावी. मनोऱ्यांतील फळ्यावर प्रत्येक विमानापुढें उतरण्याची वेळ लिहीत. कांहीं रकाने मोकळे राहत. ३० मार्च १९४४ च्या रात्रीं न्यूरेंबर्गवर ७९५ विमानें गेलीं व ९५ आलीं नाहींत; त्या सकाळीं अनेक तळांवर किती अंडीं शिजवून वायां गेलीं असतील याचा हिशेब कोणत्याही फॉर्मावर नाहीं.

येथवरची दिनचर्या पुष्कळांनीं वर्णिली आहे. आमचा खरा मुद्दा पुढें आहे. पहिला फेरा तीस कामगिऱ्यांचा असे. एका फेऱ्याला चारपांच महिने लागत व त्यांत प्रत्यक्ष हल्ल्याच्या उड्डाणाचे तास सुमारें दोनशें भरत. पांच महिन्यांचे एकंदर तास ३,६००. म्हणजे उड्डाणवही त्या तरुणाच्या तळावरील आयुष्याचा अठरावा हिस्सा सांगते. उरलेले सतरा हिस्से कोठें शोधावयाचे?

वहींत दहा दिवसांचा खंड दिसला कीं वाचक सुटी समजतो. रजा खरोखरच मिळे. साधारण दर सहा आठवड्यांस एक आठवडा. परंतु त्या खंडाच्या तारखा फॉर्म ५४० शीं ताडून पाहिल्या तर पुष्कळदां निराळेंच दिसतें. लक्ष्य ठरलें, विमानें सज्ज झालीं, आणि धुक्यामुळें किंवा लक्ष्यावरील ढगांमुळें बेत रद्द. असें एका आठवड्यांत दोन-तीन वेळांही होई. कधीं भोजनानंतर, कधीं ओट्यावर इंजिनें सुरू झाल्यावर रद्द. उड्डाण न झाल्यामुळें वहींत ओळ नाहीं, आणि तीस कामगिऱ्यांत गणना नाहीं. परंतु पडदा सरलेला त्यानें पाहिला होता, खिसे रिकामे केले होते, तो तास गवतावर काढला होता. मरणाची सर्व तयारी होऊन कांहींच न घडलेल्या या रात्री तळावरील जीवनाचा मोठा भाग होत्या, आणि त्यांची नोंद ५४० मधील एका त्रोटक वाक्यापलीकडे नाहीं. म्हणून उड्डाणवही एकटी वाचूं नये. ५४० उजव्या हाताशीं घेऊन तिच्यांतील मोकळ्या जागा आधीं वाचाव्या.

रद्द झालेल्या रात्रीं व विसाव्याच्या दिवशीं काय होई, हें पत्रें सांगतात. गांवच्या दारूच्या गुत्त्यांत पियानोभोंवतीं गाणीं, लिंकनला बसनें जाऊन नाच किंवा सिनेमा, शेवटची बस चुकल्यावर अंधारांतून मैलोगणती पायपीट, शेजारच्या शेतकऱ्याकडे गवताच्या कापणीस मदत व बदल्यांत जेवण. शेतकऱ्याच्या घरीं जाण्याचा उल्लेख ज्या पत्रांत आहे तीं विशेष जपावीं. त्यांत तरुण स्वतःच्या वयाचा वाटतो.

शब्दांविषयीं एक इशारा देणें अवश्य आहे. योगार्थापेक्षां रूढार्थ बलवान, हा शास्त्रकारांचा नियम येथें क्षणोक्षणीं आठवावा लागतो. वहींत 'गार्डनिंग' म्हणजे बागकाम असा शेरा आढळला तर तो समुद्रांत सुरुंग पेरण्याचा आहे. आणि त्यापुढें येणारीं फळाफुलांचीं नांवें हीं समुद्राच्या विभागांचीं सांकेतिक नांवें होत. 'नेक्टरीन' हें फळ म्हणजे फ्रिझियन बेटांजवळचा समुद्र. जर्मन शहरांना माशांचीं नांवें दिलेलीं होतीं, कारण तीं योजणारे उपसेनापति सर रॉबर्ट साँडबी हे गळ टाकण्याचे शौकीन. बर्लिनला 'व्हाइटबेट' म्हणत. 'वांगानुई' व 'पॅरामाटा' या नांवांवरून टोळी न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियास गेली असें कोणी समजूं नये. लक्ष्य दाखवणारे रंगीत दिवे ढगांवर सोडावयाचे कीं जमिनीवर, याच्या रीतींचीं तीं नांवें आहेत. कामगिऱ्यांच्या अनुक्रमांकांत १९४४ च्या वसंतांत अपूर्णांक येतात, एकतृतीयांश, दोनतृतीयांश. ही लेखनिकाची चूक नव्हे. फ्रान्समधील लक्ष्यें सोपीं मानून त्यांना तिसरा हिस्साच धरण्याचा हुकूम निघाला होता. ३ मे १९४४ च्या रात्रीं माइयी-ल-कां येथें ४२ लँकेस्टर विमानें पडलीं, आणि तो हिशेब लवकरच मागें पडला. तीन वेळां मेल्याशिवाय एक कामगिरी भरत नाहीं, अशी थट्टा तळावर कां चालत असेल हें मग समजतें. तसेंच लडफर्ड मॅग्नाच्या १०१ व्या स्क्वॉड्रनच्या फॉर्म ५४१ मध्यें १९४३ च्या शरदापासून अनेक टोळ्यांत सातांऐवजीं आठ नांवें आढळतात. आठवा मनुष्य जर्मन भाषा जाणणारा; शत्रूच्या बिनतारी संभाषणांत व्यत्यय आणणें हें त्याचें काम. त्याचें काम इतकें गुप्त कीं स्वतःच्या टोळीशींही त्यानें तें बोलावयाचें नसे.

ज्यांनीं उड्डाण केलें नाहीं त्यांची वही नाहीं. प्रत्येक विमानामागें इंजिनाचे, पत्र्याचे, विजेचे, शस्त्रांचे कारागीर असत. उघड्यावर, वाऱ्यापावसांत, रात्रीं बेरात्रीं काम करीत, आणि ओट्याशेजारीं खोक्यांच्या फळ्यांची झोपडी उभारून तींत चहा करीत. टोळ्या बदलत, हे दोन-दोन, तीन-तीन वर्षें त्याच ओट्यावर. विमान त्यांच्या मतें त्यांचें. टोळीला तें एका रात्रीपुरतें उसनें दिलेलें. त्यांच्या हातचा लेख म्हणजे फॉर्म ७०० मधील सह्या, आणि ती वही विमानाबरोबरच संपे. मागें राहणाऱ्या या कारागिरांचीं पत्रें म्हणूनच दुर्मिळ साधन आहे. त्यांस बाजारांत अजून किंमत नाहीं, ही संग्राहकांस संधि समजावी.

खासगी दैनंदिनी ठेवणें सुरक्षिततेच्या दृष्टीनें निषिद्ध होतें. तरी कांहींनीं ठेवली. पत्रांत लक्ष्य, नुकसान, तळाचें काम लिहितां येत नसे, आणि आईला भीति घालावयाची नसे. त्यामुळें पत्रें हवा, जेवण, सायकल व पैसे यांवरच चालतात. शेवटचें पत्र हा निराळा प्रकार. पुष्कळजण एक पत्र लिहून पेटींत ठेवीत, आपण न आल्यास टाकावें म्हणून. या प्रकाराचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लिंकनशायरचें नाहीं, शेजारच्या नॉरफोकमधील मार्‍हॅम तळाचें आहे. ३८ व्या स्क्वॉड्रनचा फ्लाइंग ऑफिसर व्हिव्हियन रोजवर्न हा मे १९४० च्या अखेरीस मारला गेला. त्याचें आईस लिहिलेलें पत्र सेन्सॉरसाठीं उघडेंच ठेवलेलें होतें. तळाच्या अधिकाऱ्यानें तें वाचून आईच्या संमतीनें १८ जून १९४० च्या 'टाइम्स' पत्रांत छापविलें. त्यानंतर लिहिलेल्या अशा पत्रांवर त्या छापील पत्राची छाया पडली असणें संभवनीय आहे, व हें लक्षांत ठेवूनच तीं वाचावीं.

एक गोष्ट पत्रांतही नाहीं. सहन होईनासें झाल्यावर उड्डाणास नकार देणाऱ्याच्या कागदांवर १९४० पासून 'मनोधैर्याची उणीव' या अर्थाचा शेरा पडूं लागला. त्याचा छातीवरील पंखांचा बिल्ला काढून घेत, आणि त्यास तळावरून ताबडतोब हलवीत, इतरांच्या दृष्टीस पडूं नये म्हणून. स्वेच्छेनें आलेल्या मुलांना अशी वागणूक देणारा नियम आम्हांस निष्ठुर वाटतो. वही मध्येंच थांबली व मरणाची नोंद नाहीं, तर आजार, बदली, कैद यांबरोबर हीही शक्यता धरावी लागते. पण पुराव्यावांचून ती कोणाच्या नांवावर लिहूं नये.

मरण आलें असतां वहीची शेवटची ओळ दुसऱ्याच्या हातची असते. अक्षर बदलतें, हें हस्तलिखितांच्या वाचकास लगेच दिसेल. लक्ष्याचें नांव, त्यापुढें परत न आल्याचा शेरा, तासांचा रकाना मोकळा, खालीं महिन्याची बेरीज व वरिष्ठाची सही. न आलेल्यांच्या झोपडींत त्याच सकाळीं एक छोटी समिति येई. प्रत्येक पेटींतील वस्तूंची यादी करी, सरकारी सामान वेगळें काढी, घरच्यांस दुःख देईल असें पत्र किंवा छायाचित्र आढळल्यास काढून टाकी. म्हणजे आपल्या हातीं येणारा पत्रांचा गठ्ठा एकदां चाळलेला आहे. वस्तू स्लाउजवळच्या कोलनब्रुक येथील मध्यवर्ती भांडाराकडे जात, व तेथून वारसांकडे. बिछाने संध्याकाळपर्यंत नव्या टोळीस दिलेले असत.

मागणी न आलेल्या मृतांच्या उड्डाणवह्या वायुमंत्रालयानें युद्धानंतर बरींच वर्षें ठेवल्या. पुढें १९६० नंतर त्या नष्ट करण्यांत आल्या; मासल्यादाखल राखलेल्या थोड्या वह्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारांत 'एअर ४' या मालिकेंत आहेत. पथकांचे फॉर्म ५४० व ५४१ तेथेंच 'एअर २७' मध्यें, आणि तळांच्या नोंदी 'एअर २८' मध्यें पाहतां येतात. लिंकन येथें २०१८ मध्यें उघडलेल्या बाँबर कमांड स्मृतिकेंद्राच्या संग्रहांत घराघरांतून आलेल्या वह्या, पत्रें व छायाचित्रें एकेका कुटुंबाच्या गठ्ठ्यानुसार लावलेलीं आहेत. गठ्ठा न फोडण्याची ही रीत अनुकरणीय आहे. या मालिकांशीं हातची वही ताडून पाहतांना विमानाच्या अक्षरावर विसंबूं नये, क्रमांक पाहावा. विमान गेलें कीं तेंच अक्षर नव्या विमानावर रंगवीत, आणि फॉर्म ५४१ च्या पुढच्याच पानावर तें पुन्हां दुसऱ्या सात नांवांसह चढण्याची वेळ घेऊन आलेलें असतें.